दाणेदार चित्र म्हणजे खराब डिस्क का? हाँगकाँगच्या कमी बजेटच्या सिनेमांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेतल्या सिनेमांच्या नवीन रिमास्टर, म्हणजे जुनी फिल्म नव्याने स्कॅन आणि दुरुस्त करून काढलेल्या, डिस्कबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, बरेच आले. सारखे होते ते एकत्र केलेत. दोन-तीन उत्तरं लांबलीत, पण मुद्दे तसेच आहेत, घाईत उरकता येण्यासारखे नाहीत.

प्रश्न: 'मेड इन हाँगकाँग' या सिनेमाची ४के रिस्टोरेशनवरून काढलेली ब्ल्यू-रे घेतली. खूप ऐकलं होतं तिच्याबद्दल. लावून बघितली तर सगळीकडे ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, एका शॉटमध्ये रंग निळसर, पुढच्यात हिरवट, रात्रीच्या सीनमधला काळा रंग धड काळा पण नाही. एवढं रिस्टोरेशन करून हे असं दिसत असेल तर माझी डिस्क खराब आहे का?

नाही, डिस्क ठीक आहे तुमची. हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतलाय कारण पुढची सगळी उत्तरं याच्यावरच उभी आहेत. कुठलीही रिमास्टर डिस्क बघताना "चित्र स्वच्छ आहे का" हे नंतर विचारायचं, आधी विचारायचं की हा सिनेमा मुळात कसा शूट झाला होता.

दिग्दर्शक फ्रूट चानने १९९७ मध्ये, हाँगकाँग चीनकडे परत गेलं त्याच वर्षी, हा सिनेमा आणला. बजेट साधारण पाच लाख हाँगकाँग डॉलर, म्हणजे तिथल्या हिशोबाने सुद्धा काहीच नाही, युनिट मोजक्या माणसांचं, नट जवळपास सगळे नवखे, सॅम लीचा तर हा पहिलाच सिनेमा, आणि कच्ची फिल्म विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून दुसऱ्यांच्या शूटिंगमधून उरलेले तुकडे गोळा करून त्यावर सगळं शूट केलेलं. या तुकड्यांना शॉर्ट एंड म्हणतात. ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यातून मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे १००० फुटांचा अख्खा रोल ११ मिनिटांत संपतो, आणि तुकडा शंभर-दोनशे फुटांचा असला तर त्यात मिनिट-दोन मिनिटांचं काम होणार, त्यात टेक चुकला की ती फिल्म गेली. हे डोक्यात ठेवून सिनेमा परत बघा, कॅमेरा इतका अस्वस्थ का आहे आणि शॉट असे झपकन का संपतात ते जास्त कळायला लागतं.

आता हे तुकडे एका बॅचचे नसतात, काहींची मुदत संपलेली असते. रंगीत निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेल्या मूळ फिल्ममध्ये, लाल, हिरवा आणि निळा प्रकाश पकडणारे वेगवेगळे थर असतात, आणि फिल्म जुनी होते तेव्हा ते सगळे एकाच वेगाने कमजोर होत नाहीत, त्यामुळे एका शॉटवर एक झाक येते आणि पुढच्यावर वेगळीच. शिवाय जुन्या फिल्मवर प्रकाश न पडता सुद्धा एक हलकं धुकट आवरण चढतं, त्याला फॉग म्हणतात, त्याने सावलीतला काळा राखाडी होतो आणि ग्रेन जाड दिसतो. त्यात शूटिंग सरकारी वसाहतींच्या खऱ्याखुऱ्या कॉरिडॉरमध्ये आणि खोल्यांमध्ये, आणि ट्यूबलाइटचा उजेड फिल्मवर हिरवट उतरतो, तो मारायला जे फिल्टर आणि दिवे लागतात ते पैशाचं काम. म्हणजे तुम्ही ज्या तीन तक्रारी लिहिल्यात त्या तिन्ही निगेटिव्हमध्येच आहेत.

२०१७ मध्ये, सिनेमाला २० वर्षं झाली तेव्हा, इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या लिमाजिने रित्रोवाता या लॅबमध्ये मूळ निगेटिव्हवरून त्याचं ४के रिस्टोरेशन झालं, उडिनेच्या फार ईस्ट फिल्म फेस्टिव्हलमध्ये ते दाखवलं गेलं, आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या युरेका या डिस्क काढणाऱ्या कंपनीने त्यावरून ब्ल्यू-रे काढली. लॅबला मनात आणलं असतं तर ग्रेन पुसून, सगळे शॉट एका रंगात आणून एकदम गुळगुळीत सिनेमा करता आला असता, तसं केलं नाही हेच त्या कामाचं मोठं श्रेय आहे असं मला ठाम वाटतं. १९९८ च्या हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, ते याच फिल्मवरच्या याच रूपाला मिळालं.

मग खरा दोष ओळखायचा कसा? जिवंत ग्रेन प्रत्येक फ्रेमला बदलतो, भिंतीसारख्या सपाट जागेवर बघा, तो सतत बारीक सळसळत असतो. तोच ग्रेन भिंतीवर चिकटून बसलाय आणि नट हलला की त्याच्या मागे ओढला जातोय असं दिसलं तर समजा की नॉइज रिडक्शन, म्हणजे लोक ज्याला डीएनआर म्हणतात ते, जोरात फिरवलंय. चेहरा जवळून असेल तेव्हा गालावरची छिद्रं, घाम, केसांच्या बटा बघा, डीएनआरने चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा होतो आणि केसांचा एकसंध गोळा होतो. दुसरी खूण म्हणजे माणसाच्या कडेभोवती पांढरी बारीक रेघ, ती कृत्रिम शार्पनिंगची. आणि अंधाऱ्या सीनमध्ये ग्रेनच्या जागी चौकोनी ठोकळे दिसले तर तो कॉम्प्रेशनचा दोष, फिल्मचा नाही. यातलं काही दिसलं तर खुशाल तक्रार करा. एखादा ओरखडा, एखादा पांढरा ठिपका याने मला स्वतःला काही फरक पडत नाही, तो काढण्याच्या नादात चेहरा पुसला जाण्यापेक्षा तो ठिपका राहिलेला बरा.

प्रश्न: बॉक्सवर मोठ्या अक्षरात ४के रिस्टोरेशन लिहिलंय, पण आत साधी ब्ल्यू-रे निघाली. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही, पण छापताना जरा जास्त स्पष्ट लिहायला हवं हे मान्य. ४के, म्हणजे साधारण चार हजार पिक्सेलची रुंदी, हे स्कॅनचं आणि पुढच्या कामाचं माप आहे, ब्ल्यू-रे डिस्कवर चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचंच असतं. तरी फायदा होतो, कारण ग्रेन नीट पकडला गेलेला स्कॅन लहान केला की जुन्या एचडी मास्टरपेक्षा चित्र बरंच स्वाभाविक दिसतं.

मी बॉक्सवर दुसरी एक गोष्ट आधी बघतो, डिस्क २५ जीबीची आहे की ५० जीबीची. साधा हिशोब आहे. १०० मिनिटांचा सिनेमा सेकंदाला सरासरी ३० मेगाबिटने बसवला तर नुसतं चित्रच २२.५ जीबी होतं. म्हणजे २५ जीबीच्या डिस्कमध्ये दोन साउंडट्रॅक आणि तासाभराच्या मुलाखती घालायच्या म्हटलं की चित्राचाच बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारा डेटा, कापावा लागणार, आणि ग्रेन असलेल्या सिनेमाला बिटरेट कमी पडला की पहिला बळी त्या ग्रेनचाच जातो. गुळगुळीत डिजिटल सिनेमा कमी बिटरेटमध्ये चालून जातो, शॉर्ट एंडवर शूट केलेला चालत नाही. म्हणजे जो सिनेमा सगळ्यात स्वस्तात बनला त्याला डिस्कवर सगळ्यात जास्त जागा द्यावी लागते, आणि नेमकी अशाच सिनेमांच्या बाबतीत काही प्रकाशक काटकसर करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: रिमास्टर मूळ निगेटिव्हवरून केलंय की कुठल्या तरी घासलेल्या प्रिंटवरून, हे प्रकाशक सांगत नसेल तर घरी बसून कळू शकतं का?

बऱ्यापैकी कळतं. प्रिंट म्हणजे निगेटिव्हवरून थिएटरसाठी काढलेली प्रत. सगळ्यात सोपी खूण म्हणजे क्यू मार्क. थिएटरची प्रिंट साधारण २० मिनिटांच्या रीळांमध्ये यायची आणि एक रीळ संपायच्या आधी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका यायचा, दुसरं प्रोजेक्टर सुरू करायची ती खूण, मग रीळ संपता संपता परत एकदा यायचा. तर पहिल्या रीळाच्या शेवटाला, म्हणजे १७ ते २० मिनिटांच्या मध्ये, तो कोपरा नीट बघा. ठिपका दिसला तर बहुतेक प्रिंट वापरलीय.

दुसरी खूण सबटायटलची. हाँगकाँगमध्ये साठच्या दशकापासून सिनेमांवर इंग्रजी सबटायटल असायची, चिनी आणि इंग्रजी अशा दोन ओळी प्रिंटवरच छापलेल्या. निगेटिव्हवर त्या सहसा नसतात. त्यामुळे बंद न करता येणाऱ्या, कडा जराशा थरथरणाऱ्या दोन ओळी खाली दिसल्या तर ती प्रिंट आहे. कधी कधी असंही होतं की अख्खा सिनेमा स्वच्छ आणि मधेच एखाद-दोन मिनिटं या ओळी उगवतात आणि रंगही फिका होतो, म्हणजे तेवढा भाग निगेटिव्हमध्ये नव्हता आणि प्रिंटमधून जोडलाय. अशा जोडकामाला मी कधीच नावं ठेवत नाही, उलट तेवढ्यासाठी कोणीतरी प्रिंट शोधत फिरलंय याचं मोल फार मोठं आहे.

तिसरी खूण रंगाची. १९७० च्या दशकातल्या रंगीत प्रिंटमधला निळसर सायन रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी-लाल होत जातं. ते सुधारायला संगणकावर रंग ओढूनताणून आणले की त्वचा एकाच सपाट रंगाची दिसते, झाडं आणि शर्ट सगळंच तपकिरीकडे झुकतं.

एका बाबतीत मात्र घाई करू नका. दोन सीन एकमेकांत विरघळतात किंवा चित्रावर नावं येतात तिथे चित्र अचानक मऊ आणि जास्त दाणेदार होतं आणि सीन बदलला की परत तीक्ष्ण होतं, हा दोष नाही. डिजिटल यायच्या आधी असे इफेक्ट लॅबमध्ये एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर छापून करायचे, म्हणजे तो तुकडा प्रतीची प्रत, मूळ फिल्मपेक्षा एक-दोन पिढ्या खालचाच असतो. उलट हा फरक स्पष्ट दिसतोय याचा अर्थ बाकीचा भाग निगेटिव्हच्या जवळचा आहे, मला तर तो दिसला की बरं वाटतं.

आणि प्रिंटवरून केलंय म्हणून डिस्क टाकाऊ असं अजिबात नाही. छोट्या निर्मात्यांच्या कंपन्या एक-दोन सिनेमे करून बंद व्हायच्या, निगेटिव्ह लॅबमध्ये किंवा गोदामात पडून राहायची, हाँगकाँगची हवा गरम आणि दमट, तशा हवेत ॲसिटेटची फिल्म सडायला लागते, व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते आणि वाकडी होते. हाँगकाँग फिल्म आर्काइव्हची इमारत साय वान होमध्ये सुरू झाली ती २००१ मध्ये, तोपर्यंत किती काय गेलं असेल याचा विचार करा. त्यामुळे प्रश्न हा असतो की जे शिल्लक आहे त्यातलं सगळ्यात चांगलं वापरलं का, आणि कुठून घेतलं ते पुस्तिकेत प्रामाणिकपणे छापलं का. जे सांगतात त्यांच्या थोड्या फाटक्या डिस्कवर सुद्धा माझा विश्वास बसतो.

प्रश्न: ऐंशीच्या दशकातला एक छोटा ॲक्शन सिनेमा कँटोनीजमध्ये लावला तर ओठ आणि आवाज जुळतच नाहीत. सिंक बिघडलंय का? आणि डिस्कवर तीन ट्रॅक आहेत, कँटोनीज मोनो, कँटोनीज ५.१ आणि इंग्रजी, यातला खरा कुठला धरायचा?

सिंक बिघडलंय की मुळातच तसं आहे हे आधी वेगळं करू. हाँगकाँगमध्ये नव्वदच्या दशकापर्यंत बहुतेक सिनेमे शूटिंगच्या वेळी आवाज न घेताच व्हायचे, गजबजलेल्या रस्त्यावर शूटिंग, कॅमेरा स्वतःच खडखडणारा, वेळ कमी, म्हणून नंतर स्टुडिओत सगळं डब व्हायचं, पुष्कळदा नटाचा आवाज नटाचा नसायचाच, व्यावसायिक डबिंग कलाकार दिवसभर बसून एकामागून एक भूमिका उरकायचे. काही नट सेटवर कँटोनीज बोलायचे, काही मँडरिन, आणि परदेशी स्टंटवाले इंग्रजी, मग कँटोनीज ट्रॅक सगळ्यांच्या ओठांवर कसा बसणार? त्यामुळे बोलण्यावर सिंक तपासायचं नाही, दार आपटतं, ग्लास फुटतो, ठोसा लागतो त्यावर तपासायचं. हे सगळे आवाज एकसारखेच पुढे किंवा मागे जात असतील तर डिस्कमध्ये चूक आहे. फक्त ओठ जुळत नसतील तर तो सिनेमा तेव्हाही तसाच होता.

ट्रॅकचं उत्तर माझ्याकडून अगदी स्पष्ट आहे, कँटोनीज मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनेलमध्ये असलेला. थिएटरमध्ये लोकांनी ऐकलेला तो. ५.१ नंतर बनवतात, आणि त्यात वाईट हे नाही की आवाज पाच-सहा स्पीकरमध्ये वाटलाय, वाईट हे की पुष्कळदा संवाद आणि संगीत जुन्या मोनोमधून घेतात आणि ठोसे, पावलं, गाड्या, गोळ्या हे सगळं नवीन रेकॉर्ड करून वर घालतात. मग १९८० च्या दशकातल्या खरखरीत संवादाच्या मधे एकदम आजचा खणखणीत ठोसा वाजतो आणि तो कान सोडत नाही. काही ठिकाणी तर मूळ पार्श्वसंगीताचा तुकडाच गायब असतो, हक्कांची भानगड असते, कारण तेव्हा छोट्या सिनेमात बिनदिक्कत दुसऱ्यांचं संगीत वापरलं जायचं. मोनो आणि ५.१ एकच सीन लावून लागोपाठ ऐका, दोन मिनिटांत कळेल.

इथे एक फसवी गोष्ट पण आहे. मेनूत मोनो लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात तो त्या नव्या ५.१ चाच दाबून एक केलेला ट्रॅक असतो. ओळखायला तेच, ठोसे आणि गोळ्या ऐका. खरा जुना मोनो थोडा घुसमटलेला असतो, मागे हलकी शूं असते, मोठ्या आवाजात जरा फाटतो. ती शूं पूर्ण काढली की संवादातले स, श सारखे बारीक आवाज पण जातात आणि सगळे लोक उशीतून बोलल्यासारखे वाटतात. शूं राहिली तर राहू द्या.

इंग्रजी डब परदेशातल्या वितरणासाठी केलेला असतो. काहींचं त्यावर जुनं प्रेम आहे, ते मी समजू शकतो, डिस्कवर असावाच, पण त्यावरून सिनेमाचं मोजमाप करू नका. आणि एक नक्की तपासा, इंग्रजी सबटायटल कँटोनीज संवादांवरून केलीत की इंग्रजी डबमधलीच वाक्यं उचलून खाली टाकलीत. पडद्यावर माणूस लांबलचक बोलतोय आणि खाली तीन शब्द, किंवा कोणी बोलत नसताना ओळ येतेय, तर ती डबमधली आहेत.

प्रश्न: दिग्दर्शकाने स्वतः मान्यता दिलेलं रिस्टोरेशन असेल तर रंगाबद्दल बोलायचा आपल्याला काय अधिकार?

बघणारा म्हणून पूर्ण अधिकार आहे. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हाँगकाँगच्या वाँग कार-वाय या दिग्दर्शकाचं. २०२१ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीने त्याच्या सिनेमांचा संच काढला त्यात रंग बदललेले होते, 'इन द मूड फॉर लव्ह'वर हिरवी झाक आली म्हणून जगभर ओरड झाली, आणि 'फॉलन एंजल्स'ची तर फ्रेमच बदलली, थिएटरमध्ये १.८५:१ असलेला सिनेमा २.३९:१ असा रुंद झाला. त्याने लपवलं काहीच नाही, बदल आपण जाणूनबुजून केलेत असं त्याने स्वतः लिहिलंय. ते सिनेमे काही या सदरातल्या अर्थाने स्वस्तातले नाहीत, पण प्रश्न तोच आहे.

दिग्दर्शकाला स्वतःचा सिनेमा परत घडवायचा हक्क आहे, आणि लोकांना तेव्हा पडद्यावर आलेला सिनेमा बघता यायला हवा, माझ्या मते हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. भांडण कुठे होतं तर नवीन आवृत्ती आली की जुनी बाजारातून काढून घेतली जाते तिथे. कमी बजेटच्या सिनेमाला हा धोका जास्त आहे कारण त्याची दुसरी आवृत्ती कोणी काढणार नसतं, एकदा जो रंग डिस्कवर गेला तोच पुढची वीस वर्षं त्या सिनेमाचा रंग. म्हणून डिस्क तपासताना मी त्वचा, पांढरा शर्ट आणि रात्रीचं आकाश या तीन जागा बघतो. अख्ख्या सिनेमात, दिवसा-रात्री, घरात-बाहेर सगळीकडे पांढरं एकाच झाकेकडे झुकत असेल तर ती झाक बहुतेक आजच्या संगणकावरची आहे. झाक शॉटगणिक बदलत असेल, एका खोलीत एक आणि जिन्यात दुसरी, तर ती फिल्मची आणि दिव्यांची आहे, आणि ती ठेवली असेल तर शाबासकी द्यायची. जुन्या डीव्हीडीशी रंग ताडून बघायचा मोह होतो, पण ती डीव्हीडी तरी कुठे बरोबर होती, तिचा रंग कोणीतरी घाईत लावलेला असायचा. त्या काळातली एखादी चांगली प्रिंट आर्काइव्हमध्ये किंवा फेस्टिव्हलमध्ये बघायला मिळाली तर त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही.

प्रश्न: माझ्या जुन्या डीव्हीडीवर सिनेमा ९६ मिनिटांचा आहे आणि नवीन ब्ल्यू-रेवर १०० मिनिटांचा. चार मिनिटांचे नवीन सीन आहेत म्हणायचे का?

बहुतेक नाहीत. तुमची डीव्हीडी युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीची असणार. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पालमध्ये तो २५ ने चालवतात, म्हणून १०० मिनिटांचा सिनेमा बरोबर ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टीही थोडी वर चढते. सीन तेवढेच आहेत.

खरी कापाकापी वेगळी असते. १९८८ मध्ये हाँगकाँगमध्ये कॅटेगरी थ्री हे फक्त प्रौढांसाठीचं वर्गीकरण आलं, त्याच्या आसपासच्या स्वस्त भयपटांच्या आणि गुन्हेगारीपटांच्या थिएटरच्या आणि परदेशी आवृत्त्या वेगवेगळ्या असायच्या. तिथे नुसती मिनिटं मोजून भागत नाही, मारामारी किंवा हिंसेच्या सीनमध्ये संगीत मधेच उडी मारतंय का ऐका, चित्र सफाईने कापता येतं पण वाजणारं संगीत कापलेलं लगेच कळतं.

प्रश्न: ऑनलाइन स्क्रीनशॉट बघून ठरवलं तर चालेल का? आणि टीव्हीवर काय सेटिंग ठेवायचं?

स्क्रीनशॉटवरून फ्रेम किती कापलीय, रंग कुठे झुकलाय एवढं कळतं. ग्रेन कळत नाही, कारण तो हलताना बघायची गोष्ट आहे, आणि थांबवलेल्या फ्रेममध्ये जो दाणा ओबडधोबड वाटतो तो चालू सिनेमात डोळा विसरून जातो. फोनवर बघून तर काहीच ठरवू नका.

टीव्हीचं म्हणाल तर शार्पनेस जवळपास शून्यावर, नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूथिंग बंद, आणि फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड. दुकानात टीव्ही ज्या झगझगीत सेटिंगवर असतो त्यावर जगातलं कुठलंही रिस्टोरेशन वाईट दिसेल, आधी टीव्ही ग्रेनला कृत्रिम धार लावतो आणि मग स्वतःच तो पुसायचा प्रयत्न करतो. पहिल्या प्रश्नातल्या वाचकांनी पण हे एकदा करून बघाच.

प्रश्न: विकत घ्यायच्या आधी रीजन कोडचं काय? आणि नवीन ब्ल्यू-रे आली की जुनी व्हीसीडी, डीव्हीडी टाकून द्यायची का?

रीजन कोड म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण. हाँगकाँगच्या आणि अमेरिकेच्या ब्ल्यू-रे रीजन एच्या, ब्रिटन आणि युरोपच्या बीच्या, भारत सीमध्ये येतो. काही डिस्क सगळीकडे चालतात, काही चालत नाहीत, म्हणून मागवायच्या आधी बॉक्सच्या मागचं चिन्ह बघा. ४के यूएचडी डिस्कला रीजनची अडचण नाही.

जुनं टाकू नका, निदान लगेच तरी नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २४० किंवा २८८ चं, नवीन डिस्कपुढे अगदीच धुरकट, सिनेमा दोन डिस्कमध्ये तोडलेला कारण एकीवर साधारण ७४ मिनिटंच मावतात. पण हाँगकाँगच्या व्हीसीडीवर पुष्कळदा एका बाजूच्या चॅनेलवर कँटोनीज आणि दुसऱ्यावर मँडरिन असायचं, आणि तो कँटोनीज म्हणजे अनेकदा कोणी हात न लावलेला थिएटरचा मोनो. नवीन डिस्कवर नवे ठोसे घातलेला ट्रॅकच असेल तर मूळ आवाज तुमच्याकडच्या त्या व्हीसीडीवरच उरलेला असू शकतो. काही प्रकाशकांनी रिमास्टर करताना संग्राहकांकडून असे जुने ट्रॅक मागून घेतलेत. त्यामुळे आधी दोन्हींचा आवाज लावून ताडून बघा, आणि व्हीसीडीची कॉपी हार्ड डिस्कवर आत्ताच करून ठेवा, त्या काळच्या स्वस्त डिस्कचा थर सुटायला लागला की मग ती कुठल्याच प्लेअरवर चालत नाही.